चढावर दम टाकणारी पिकअप

आमच्या ह्यांनी ती पिकअप घेतली ती तिचा कार्ब्युरेटर बघून. माणसं जुनी गाडी घेताना टायर बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, खाली वाकून तेल गळतंय का ते पाहतात. ह्यांनी बॉनेट उघडायला लावलं, रुमालाने कार्ब्युरेटरवरची काजळी पुसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला हाक मारली. "इकडे ये, बघ." धातूवर तांदळाच्या दाण्याएवढी एक खूण ठोकलेली होती. गाझियाबादच्या कार्ब्युरेटरच्या ज्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली, तिथली, आणि तीही त्यांच्याच खात्याची. तपासून पास केलेल्या नगावरच ती खूण पडायची. "आपल्याकडचा आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "बाकीची गाडी कुणाकडची आहे तेही बघा." पण तोवर त्यांचं ठरलं होतं.

कारखाना बंद होऊन तेव्हा काही महिने झाले होते. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. दिल्लीत नवनव्या परदेशी मोटारी दिसायला लागल्या होत्या आणि लोक रस्त्यात थांबून त्यांच्याकडे बघत. हे बघत नसत. त्यांना कळून चुकलं होतं की ह्या नव्या इंजिनांना पुढेमागे कार्ब्युरेटर लागणारच नाही. वर्तमानपत्रात अर्थव्यवस्था खुली झाल्याचे लेख यायचे, ते वाचून हे पान दुमडून ठेवायचे आणि म्हणायचे, "खुली झाली, बिल्कुल. आम्हाला बाहेर जायला दार उघडलं." पुण्याहून आम्ही दोघं लग्नानंतर लगेच इथे आलो होतो, त्यांच्या ह्याच नोकरीसाठी. परत जावं तर तिथे आमचं काही उरलं नव्हतं.

पिकअपमागचा विचार मात्र वेडगळ नव्हता. यमुनेच्या अलीकडे, गाझियाबादच्या बाजूला, शेतं बुजवून एकामागून एक सोसायट्या उठत होत्या. दिल्लीतली सरकारी क्वार्टर सोडून माणसं तिकडे राहायला येत होती. त्यांचं बिऱ्हाड हलवायला भरवशाचं माणूस लागायचं, आणि त्यातली मराठी घरं तर आपलं माणूस शोधायचीच. कामं बहुतेक रविवारची. मी पहाडगंजच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायचे, त्यामुळे रविवारी मोकळी असायचे. मी पुढे ह्यांच्या शेजारी बसायचे, बायकांच्या काचेच्या बरण्या मांडीवर घेऊन. पहिले तीन-चार महिने खरोखर चांगले गेले. हे गाणं गुणगुणत गाडी चालवायचे. मला वाटलं, निभावलं आपण.

मग गाडी चढावर दम टाकायला लागली.

रिकामी असली की काही तक्रार नाही. उभी असली तर इंजिन मांजरासारखं घुरघुरायचं. सामान भरून निघालं, चार-पाच किलोमीटर गेलं, एखादा पूल आला, की पिकअप अडखळायची. पाय दाबावा तसा तिचा जीव जायचा. कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा फट् असा आवाज, मग दुसरा, मग ती बंद. हे उतरायचे, बॉनेट उघडायचे. अर्ध्या तासाने गाडी पुन्हा सुरळीत. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

ह्यांनी पद्धतशीर शोध घेतला, हे मला सांगायलाच हवं. आंधळेपणाने काही केलं नाही. आधी प्लग बदलले. मग पॉइंट घासले, मग कॉइल बदलली. प्रत्येक गोष्ट एकेक करून, एक बदलली की गाडी चालवून बघायची, मगच दुसरी. वहीत तारखेसह लिहायचं. कारखान्यातली शिस्त. आणि ते सगळं निर्दोष निघाल्यावर त्यांनी, पुलाच्या कडेला, गाडी बंद पडलेली असतानाच, कार्ब्युरेटर उघडला.

आत पेट्रोल जवळपास नव्हतं.

ह्यात काय भयंकर आहे ते सांगायला त्यांचं काम सांगावं लागेल. कार्ब्युरेटरच्या पोटात एक छोटी वाटी असते. तिच्यात पेट्रोल साठतं. वाटी भरली की एक सुई वर सरकून भोक बंद करते, पेट्रोल खर्च झालं की सुई खाली येते आणि भोक उघडतं. एवढंच. ती सुई आणि तिची बैठक तपासणं हे ह्यांचं खातं. बावीस वर्षं तेच. सुई अडकत नाही ना, गळत नाही ना, केसाच्या जाडीचा फरक हे बोटाने ओळखायचे. आता वाटी कोरडी, म्हणजे सुई अडकली. म्हणजे त्यांच्या खात्याने पास केलेला नग खराब.

ह्यांनी सुई काढली, फडक्याने पुसली, उन्हात धरून पाहिली, परत बसवली. गाडी झकास चालू झाली. सुई पुसल्यावर गाडी चालते, तर दोष सुईत. कुणीही हेच म्हणालं असतं. मीही म्हटलं असतं.

त्यानंतर ते कार्ब्युरेटरच्याच मागे लागले. दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि त्याचे भाग मांडायचे. मी भाजी घेऊन ओट्याजवळ उभं राहून जेवायचे. सुईला बारीक दगडाने पॉलिश, बैठकीला पॉलिश. भिंग आणलं. मी चिडायचे. "अहो, मूर्ती घडवताय की गाडी दुरुस्त करताय?" ते हसायचे नाहीत. एरवी माझ्या अशा बोलण्यावर त्यांना हटकून हसू यायचं.

एकदा मला शंका आली होती. ती मी बोलूनही दाखवली होती, हे नोंदवून ठेवते. रेल्वे फाटकाच्या अलीकडे गाडी अडखळायला लागली आणि तेवढ्यात फाटक पडलं. ह्यांनी इंजिन बंद केलं. मालगाडी गेली, लांबलचक. फाटक उघडलं, ह्यांनी चावी फिरवली, आणि पिकअप निमूट निघाली. सामानासकट. मी म्हटलं, "आत्ता तर तुम्ही काहीच उघडलं नाही."

"मग?"

"मग बरी कशी झाली? मला वाटतं ती नुसत्या विश्रांतीने बरी होते. तुम्ही उगाच सुईला श्रेय देताय."

ह्यांनी रूळ ओलांडले. मग म्हणाले, "मालगाडी गेली ना शेजारून. हादऱ्याने सुटली असेल सुई."

मी कपाळावर हात मारला. पण पुढे ताणलं नाही. मला वाटलं, मी शिवणाची बाई, मला इंजिनातलं काय कळतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या विषयाचा वीट आला होता.

त्यांची खरी चूक काय होती ते मला फार उशिरा समजलं. कारखान्यात त्यांच्या तपासणीच्या टेबलावर भिंतीतून एक नळी यायची. तिच्यातून पेट्रोल यायचं, सतत, एकाच दाबाने. बावीस वर्षांत ते कधी थांबलं नव्हतं. नग खराब असू शकतो, सुई खराब असू शकते, पण मागून पेट्रोलच येत नसेल ही शक्यता त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारा मिस्त्री होता, ट्रकांची कामं करणारा. पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच असायचा. शेवटी माझ्या आग्रहाने हे त्याच्याकडे गाडी घेऊन गेले, मीही गेले. त्याने ह्यांचं सगळं ऐकून घेतलं, बॉनेटला हातही लावला नाही. गाडीच्या मागे गेला आणि टाकीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं.

"बाबूजी, एक बार टंकी उतरवा लो. पीछे से तेल पूरा नहीं आ रहा. कचरा होगा अंदर."

ह्यांचा चेहरा पडला. म्हणजे त्यात अपमान होता, पण थोडी आशाही होती, मी पाहिलं. ते विचारणारच होते, टाकी उतरवायला किती वेळ लागेल. तेवढ्यात मी बोलले.

"कचरा कहाँ से होगा? हमारे यहाँ पेट्रोल छान के डालते हैं, भाईसाब. कपड़े से. मैं खुद छानती हूँ."

आणि ते खरं होतं. टाकीच्या तोंडाची जाळी आधीच्या मालकाने कुठेतरी घालवली होती. पहिल्याच महिन्यात पंपावरून पेट्रोलबरोबर गंज आणि पाणी आलं म्हणून हे वैतागले होते. तेव्हा मीच सुचवलं, कॅनमध्ये पेट्रोल आणायचं, घरी नरसाळ्यात कापड घालून गाळायचं आणि मग टाकीत. आमच्याकडे श्रीखंडाचा चक्का बांधायला मऊ जुनं सुती कापडच लागतं, नवीन चालत नाही. त्याच हिशेबाने मी माझी एक पिस्ता रंगाची, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली साडी काढली आणि तिचे चौकोनी तुकडे कापले. दर आठवड्याला तुकडा साबणाने चोळून, आपटून धुवायचे. नरसाळ्यात कापड मी धरायचे आणि हे ओतायचे. पेट्रोल इतकं नितळ उतरायचं की ह्यांना कौतुक वाटायचं.

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "अच्छा, छानते हो. फिर तो साफ ही होगी." हात पुसत तो दुसऱ्या ट्रककडे वळला. हे मला म्हणाले, "चल. ह्याला काही कळत नाही." परतताना मला बरं वाटत होतं. आपण नवऱ्याची बाजू घेतली, असं वाटत होतं.

त्यानंतर दोन-तीन रविवारांनी कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या क्वार्टरमधून एक निवृत्त मराठी अधिकारी नव्या फ्लॅटवर राहायला निघाले. त्यांची बायको आमच्याच गाडीत, माझ्या पलीकडे खिडकीशी बसली. मांडीवर देवघर, ते मात्र हमालांच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. मागे कपाटं, पलंग, आरसा असलेलं टेबल. साहेब स्कूटरवर मागून येत होते. बाई पुण्याच्या निघाल्या, आमच्या ओळखीही निघाल्या. रेल्वेच्या पुलापर्यंत गप्पा रंगल्या होत्या.

पुलाच्या मध्यावर पिकअप शिंकली. ह्यांनी गिअर बदलला. ती पुन्हा शिंकली, थरथरली आणि बंद पडली. पडली ती पडली, वर हँडब्रेक पुरा लागेना आणि भरलेली गाडी हातभर मागे घसरली. आरशाची काच फुटल्याचा आवाज मी ऐकला. त्या बाईंच्या पायांवरून उडी मारून मी खाली उतरले आणि मिळेल तो दगड चाकामागे कोंबला. मागे मोटारींचे भोंगे सुरू झाले. देवघर छातीशी धरून बाई म्हणाल्या, "असू दे हो, होतं असं." त्या इतक्या सौम्यपणे बोलल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी एक टेंपो थांबवला. सामान भर रस्त्यात, उन्हात, ह्या गाडीतून त्या गाडीत गेलं. साहेब रागावले नाहीत. "बघा, तुम्हीसुद्धा थकलाय, दोन दिवस विश्रांती घ्या," एवढंच ह्यांना म्हणाले. हे कार्ब्युरेटर उघडून उभे होते. सुई खाली पडली, ती त्यांनी डांबरावरून उचलली, फुंकली, बसवली.

टेंपो गेल्यावर पिकअप पहिल्या चावीला सुरू झाली. रिकामी, हसत हसत पूल चढली. पूल उतरल्यावर ह्यांनी ती कडेला घेतली.

"माझ्या हातून खराब नग गेला," ते म्हणाले.

"एखादा जातो. माणूस आहात तुम्ही."

"एखादा? तो एखादाच नेमका माझ्यासमोर आला? असं होत नाही. बाकीचे कितीतरी असणार. कुठकुठे गेले असतील. कुणाकुणाच्या गाड्या अशा चढावर थांबल्या असतील." मग ते स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. "मला वाटायचं, मला कळतं."

मराठी मंडळाच्या लोकांत बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुणी वाईट बोललं नाही. फक्त कामं यायची थांबली. महिनाभर गाडी सोसायटीच्या भिंतीशी उभी होती, मग ह्यांनी ती त्याच म्हाताऱ्या मिस्त्रीला विकून टाकली. कागद द्यायला मलाच पाठवलं. ते स्वतः गेले नाहीत.

मी पोचले तेव्हा त्याने टाकी उतरवून उलटी केली होती. मला बघून तो म्हणाला, "आओ बहनजी, देखो." त्याच्या तळहातावर एक ओला गोळा होता. टाकीतल्या नळीच्या तोंडाला तो बसला होता. गाडी जोर लावून पेट्रोल ओढायची तेव्हा हा गोळा नळीला चिकटायचा आणि तोंड बंद करायचा. गाडी थांबली की हळूहळू सुटून तळाला यायचा. तो हे समजावून सांगत होता आणि मी गोळ्याकडे बघत होते. गंजाने तो तांबूस झाला होता. मी एक टोक ओढलं, दोरा निघाला. पुसला. पिस्ता रंगाचा.

मी मुलींना पहिल्या दिवशी काय शिकवायचे? कापड कापलं की आधी कड दुमडून शिवायची, नाहीतर धुतलं की दोरे सुटतात. हे मी वर्षानुवर्षं, पट्टी आपटून, शिकवलं होतं. आणि माझ्याच घरात, पेट्रोलच्या फडक्याला कोण कड शिवतं, म्हणून मी तसेच तुकडे कापले. आपटून आपटून धुतले. दर आठवड्याला थोडे थोडे दोरे मी स्वतःच्या हाताने टाकीत सोडत होते.

"कार्बोरेटर तो एक नंबर है," मिस्त्री म्हणाला. "किसी ने बड़े प्यार से रखा है. इसमें कुछ खराबी थी ही नहीं."

मी तो गोळा मागून घेतला. पदरात धरून घराकडे निघाले. तो ह्यांच्यासमोर ठेवायचा, एवढंच करायचं होतं. ते भिंग काढतील, दोरा ओळखतील, एका मिनिटात सगळं समजेल. आणि मग माझ्याकडे बघतील. पुलावरचा तो दिवस, कामं गेली, गाडी गेली, आणि मिस्त्री खरं सांगत होता तेव्हा मध्ये तोंड घालून त्याला गप्प केलं कुणी, तर मी. मला त्यांची ती नजर नको होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उघडा नाला होता. मी त्यात गोळा टाकला. घरी गेल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "काही नाही. कागद घेतले." भ्याले मी, दुसरं काही नाही. पुढे त्याला मी पुष्कळ नावं देऊन पाहिली, पण ती भीतीच होती.

वाटलं, विसरतील. ह्यांना नंतर नोएडात एका गोदामात नोंदी ठेवायचं काम मिळालं. घर चाललं. पण त्यांनी पान्याला हात लावला नाही. कुकरची शिट्टी सैल झाली तरी, "दुकानात दाखव." पंखा कुरकुरला तरी, "माणूस बोलव." एकदा माझं शिवणयंत्र अडलं. तेल घालून दोन मिनिटांत चाललं असतं. ते जवळ आले, वाकले, हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको," म्हणाले, "माझ्याकडून बिघडेल." त्या वेळी सांगायला हवं होतं. त्याच्या आधी, त्याच्या नंतर, शंभर वेळा सांगायला हवं होतं. दर वेळी वाटायचं, इतके दिवस लपवलं हे आता कसं सांगू.

सांगितलं ते, हे गोदामातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर. उन्हाळ्यातली दुपार होती, वीज गेली होती, आम्ही गॅलरीत बसलो होतो. खालून एक जुनी गाडी खोकत गेली आणि हे म्हणाले, "तीही आमच्याकडचीच असेल." ते विनोदाने बोलले होते. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. साडी, कड, दोरे, टाकी, मिस्त्री, नाला. सांगताना रडत होते.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "तो गोळा कुठंय?"

"सांगितलं ना, टाकला."

"मिस्त्री?"

"तो कधीच गेला. शेडही पाडली."

"आणखी कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

ते मान हलवत राहिले. ही त्यांची जुनी पद्धत, तपासणीची. एकेक गोष्ट विचारायची. आणि त्यांना तपासायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"किती दिवस जुळवत होतीस हे?" ते म्हणाले. "साडीचा रंगसुद्धा घातलास."

मी ओरडले. शपथ घेतली, देवाची घेतली. जितकी मी ओरडत होते तितके ते मऊ होत होते. "बरं, बरं. तसंच असेल," ते म्हणाले, आजारी माणसाला म्हणतात तसं. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतकी माया मी क्वचितच पाहिली होती. बायको आपल्याला बरं वाटावं म्हणून सगळा दोष अंगावर घेतेय, एवढंच त्यांना त्यातून समजलं. मला रडू आवरेना तेव्हा ते उठले, आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आले आणि मी पिईपर्यंत शेजारी उभे राहिले.